चिखलात पाऊस कुठे असतो?

टेबलावर उभी चिरलेली प्लॅस्टिकची नळी ठेवली होती. आत करडा, किंचित हिरवट चिखल. समुद्राच्या तळाचा असा चिखल पहिल्यांदा उघडला की कुजक्या अंड्यासारखा वास येतो, त्यामुळे मुलं दारातच थबकली आणि नाकाला रुमाल लावून उभी राहिली. विज्ञान दिनानिमित्त फोंड्याकडची एक शाळा आमची प्रयोगशाळा बघायला आली होती. मी सांगत होते की हा चिखल गोव्याच्या किनाऱ्यापासून लांब, अरबी समुद्राच्या तळातून काढलाय आणि यातून आम्ही हजारो वर्षांपूर्वीचा पाऊस शोधतो. सातवीतला एक मुलगा पुढे आला. नळीवर वाकून त्याने नीट बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, हा तर आमच्या खाजनातल्या चिखलासारखाच आहे. यात पाऊस कुठे आहे?" खाजन म्हणजे खाडीकाठची, बांध घालून कसलेली जमीन.

मी दोन-तीन मिनिटांत जमेल तसं सांगितलं, तेवढ्यात बाईंनी रांग पुढे नेली. जाताना तो दोनदा मागे वळून नळीकडे बघत होता. त्याचं समाधान झालेलं नव्हतं. गेली सतरा वर्षं मी याच प्रश्नावर काम करते आहे, तेव्हा त्याला नीट उत्तर देणं मी लागते.

आधी हे, की हा पाऊस शोधायचाच कशाला? आमच्या डिचोलीच्या घरी माळ्यावर आजोबांची जुनी पंचांगं आहेत. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात टिपणं केलेली. "मृग कोरडा." "आज पहाटे लागला." "आर्द्रात पूर, वायंगणाचा बांध फुटला." अशी चाळीसेक वर्षं. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ सालची, म्हणजे देशभर पद्धतशीर मोजमाप सुरू होऊन दीडशे वर्षं झाली. माणसाच्या हिशेबात हा काळ मोठा आहे. मान्सून मात्र लाखो वर्षांपासून वाहतो आहे. त्याच्या आयुष्यातली दीडशे वर्षं बघून त्याचा स्वभाव ठरवणं म्हणजे नव्या सुनेला पहिल्या दिवशी बघून ती कशी आहे ते सांगण्यासारखं. तो किती कोसळू शकतो, किती वर्षं सलग रुसू शकतो, पृथ्वी तापली तर काय करतो, हे कळायला जुना पाऊस बघायला हवा. आणि जुन्या पावसाचं मोजमाप कुणी लिहून ठेवलेलं नाही.

मग साक्षीदार शोधायचे. त्या काळात हजर असलेली आणि हवामानाचा ठसा अंगावर घेऊन आजपर्यंत टिकलेली कुठलीही गोष्ट चालते. झाडाच्या खोडातली वलयं, गुहेतले चुनखडीचे खांब, तळ्याच्या तळातले परागकण, ध्रुवावरचा बर्फ, समुद्राचा गाळ. यातला एकही साक्षीदार "त्या वर्षी इतके मिलिमीटर पाऊस पडला" असं सरळ बोलत नाही. तो भलतंच काहीतरी सांगतो आणि त्यावरून आपण पाऊस ओळखायचा. कुठल्या साक्षीदारावर कुठल्या बाबतीत किती विश्वास ठेवायचा, हे शिकण्यातच या क्षेत्रातल्या माणसाची सगळी नोकरी जाते.

माझा साक्षीदार समुद्राचा चिखल. समुद्रावर वरून सतत काहीतरी बारीक पडत असतं. नद्यांनी आणलेली माती, वाऱ्याने आणलेली धूळ, मेलेल्या सूक्ष्म जीवांची कवचं. थरावर थर साचत जातो. खोल समुद्रात हजार वर्षांत काही सेंटिमीटर, नद्यांच्या मुखाजवळ त्याहून पुष्कळ जास्त. हजार वर्षांना दहा सेंटिमीटर धरले, तर पाच मीटरच्या नळीत पन्नास हजार वर्षं मावतात. सर्वांत वर अलीकडचा काळ, सर्वांत खाली जुना.

हा गाळ आणायला जहाज लागतं. १९८३ साली जर्मनीत बांधलेल्या 'सागर कन्या'वर या देशातल्या समुद्र-भूशास्त्रज्ञांच्या दोन-तीन पिढ्या शिकल्या. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडे आता 'सिंधू साधना' आहे. जहाज ठरल्या जागी थांबतं आणि वजन लावलेली पोकळ नळी पोलादी तारेने खाली सोडतात. पाणी दोन किलोमीटर खोल असेल तर ती तळाला पोचायलाच बराच वेळ जातो. नळी स्वतःच्या वजनाने चिखलात घुसते. तोंडाशी पाकळ्यांसारखी झडप असते, ती वर ओढताना मिटते, म्हणून चिखल गळून जात नाही. रात्रंदिवस पाळ्या चालतात. पहाटे तीनला नळी डेकवर आली की सगळे धावतात, आणि ती रिकामी निघाली तर कुणी कुणाशी बोलत नाही. तसंही होतं. तळ वाळूचा असला की नळी घुसतच नाही.

याहून खोल जायचं तर वेधन-जहाज हवं. २०१५ मध्ये 'जॉइडिस रिझोल्यूशन' या जहाजाने आपल्या पश्चिमेला लक्ष्मी खोऱ्यात समुद्रतळाखाली हजार मीटरहून खोल छिद्रं पाडली. त्या मोहिमेच्या दोन प्रमुखांपैकी एक धनंजय पांडे, गोव्यातल्याच ध्रुवीय संशोधन केंद्राचे. आमच्या नळीत हजारो वर्षं असतात, त्यांच्या नळ्यांत कोटी वर्षं होती.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे. नळीतला एक सेंटिमीटर जाडीचा काप काढायचा, वाळवायचा, वजन करायचं आणि पाण्यात भिजत घालायचा. मग ६३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीवर हलक्या धारेखाली धुवायचा. माती चाळणीतून निघून जाते. एवढ्या चिखलातून मागे उरते ती चमचाभर पांढुरकी, रवाळ वाळू. कळंगुटच्या किनाऱ्यावरची समजून कुणी फेकूनही देईल. ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की मात्र प्रत्येक कण म्हणजे एक घर दिसतं. काही फुगे एकमेकांना चिकटवल्यासारखे, काही शंखासारखे वळलेले, काही काचेसारखे पारदर्शक, काहींवर छिद्रंच छिद्रं. ही फोरॅमिनिफेरा, थोडक्यात फोरॅम, नावाच्या एकपेशीय जीवांची चुन्याची कवचं. बहुतेक एक मिलिमीटरपेक्षा लहान. काही जाती पाण्याच्या वरच्या थरात तरंगत जगतात, काही तळावर.

'ट्रिपल झीरो' नंबरचा रंगकामाचा ब्रश घ्यायचा, टोकाला पाण्याचा अगदी किंचित ओलावा. हव्या त्या जातीच्या कवचाला टोक लावलं की ते चिकटतं. उचलायचं, चौकटी आखलेल्या काळ्या स्लाइडवर ठेवायचं. पुढचं. पुन्हा पुढचं. एका नमुन्यात निदान तीनशे मोजायची असा आमच्याकडे साधारण रिवाज आहे. पंखा बंद, कारण वारा लागला तर सकाळभराचं काम उडून जाईल. मे महिन्यात बंद पंख्याखाली मान वाकवून बसलेल्या विद्यार्थिनी मी पाहिल्या आहेत, त्यांच्यात मी स्वतःही होते. पहिल्या महिन्यात सगळी कवचं सारखी दिसतात. सहाव्या महिन्यात गर्दीतून ओळखीचं माणूस दिसावं तशी जात दिसायला लागते.

नुसत्या मोजणीतूनही काही कळतं. ग्लोबिजेरिना बुलॉइडिस नावाची एक जात आहे. मान्सूनचा वारा जोराचा असला की ओमान-सोमालियाच्या किनाऱ्यालगत खालचं थंड, पोषक पाणी वर येतं, आणि ही जात तिथे फोफावते. थरात तिची संख्या वाढली म्हणजे त्या काळी वारा जोरात होता. पण वारा जोरात म्हणजे पाऊसही जोरात, असं धरून चालत नाही. ढग येतात, वारा सुटतो आणि पाऊस तसाच पुढे निघून जातो, हे गोव्यातल्या माणसाला सांगायला नको. पावसासाठी दुसरा साक्षीदार लागतो, आणि तो त्याच कवचाच्या आत आहे.

इथे जरा सावकाश जाऊया.

पाण्यात ऑक्सिजन असतो. बहुतेक ऑक्सिजनचे अणू सोळा वजनाचे, पण पाचशेत साधारण एक अठरा वजनाचा असतो. रासायनिक गुणांनी तेच मूलद्रव्य, फक्त जरा जड. आता अंगणात बाई भात पाखडते ते आठवा. सुपाच्या प्रत्येक झटक्याला हलकं फोल उडून जातं आणि भरीव दाणा मागे राहतो. समुद्रावर ऊन पडतं तेव्हा असंच पाखडणं चालतं. हलक्या ऑक्सिजनचं पाणी वाफ होऊन जास्त सहज उडतं, जड पाणी मागे राहतं. म्हणून ढग समुद्रापेक्षा हलके, पाऊस हलका, पावसाने भरलेल्या मांडवी-जुवारीचं पाणी हलकं. नद्यांचं पाणी किनाऱ्यापुढच्या समुद्रात मिसळलं की तिथलं पाणीही किंचित हलकं होतं. त्याच पाण्यातला ऑक्सिजन घेऊन फोरॅम आपलं कवच बांधतं. त्याचं आयुष्य काही आठवड्यांचं, पण तेवढ्या दिवसांतल्या पाण्याची चव ते चुन्यात बांधून ठेवतं. मेलं की तळाशी जातं.

म्हणजे कवच हलकं निघालं तर पाऊस जास्त, जड निघालं तर कमी? इतकं सोपं असतं तर मला सतरा वर्षं लागली नसती. कवचाच्या वजनावर तापमानाचाही हात असतो. पाणी थंड असेल तर कवचात जड ऑक्सिजन जास्त जातो. चार-पाच अंशांनी पाणी गार झालं की कवचातला फरक हजारात एक भाग इतका पडतो. एवढासा फरक मोजणारं यंत्र म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. कवच आम्लात विरघळवून निघालेला वायू त्यात सोडतात आणि जड-हलक्या रेणूंची वाट चुंबकाने वेगळी करतात.

याच जागी विज्ञानातला एक मोठा घोळ झाला होता, आणि तो कसा सुटला ते मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगते. हॅरॉल्ड युरी यांनी १९४७ मध्ये मांडलं की कवचातला जड-हलका ऑक्सिजन म्हणजे जुन्या समुद्राचा थर्मामीटर आहे. त्यांच्याबरोबर काम केलेल्या चेझारे एमिलियानी यांनी समुद्रतळातून काढलेल्या नळ्यांतली कवचं मोजली आणि १९५५ मध्ये हिमयुगांचा आलेख काढला. वर-खाली, वर-खाली, सुंदर आलेख. त्यांनी तो तापमानाचा आलेख म्हणून वाचला. मग १९६७ मध्ये निकोलस शॅकल्टन यांनी विचारलं: तळावर राहणाऱ्या फोरॅमचं काय? समुद्राचा खोल तळ मुळातच गोठणबिंदूच्या जवळ असतो. तो आणखी पाच-सहा अंशांनी गार होणार तरी कसा? आणि तरीही तळावरच्या कवचांतसुद्धा जवळजवळ तेवढाच चढउतार दिसत होता. मग हा फरक तापमानाचा असूच शकत नव्हता. तो बर्फाचा होता. हिमयुगात समुद्रातून उडालेलं हलकं पाणी बर्फ होऊन खंडांवर अडकून पडलं, परत आलंच नाही, म्हणून सगळा समुद्र जड झाला. एमिलियानींची मोजणी बरोबर होती. साक्षीदार खरंच बोलत होता, फक्त तो तापमानापेक्षा बर्फाबद्दल जास्त सांगत होता.

मला ही गोष्ट फार आवडते, कारण शॅकल्टन यांनी नवा साक्षीदार शोधला नाही. जुन्याच साक्षीदाराला अशा ठिकाणी नेऊन उभं केलं, जिथे त्याला तापमानाबद्दल बोलताच येणार नव्हतं.

तर कवचात तीन हात मिसळलेले: जगभरचा बर्फ, तिथलं तापमान आणि नद्यांचं पाणी. ते एकेक करून सोडवायचे. तापमानासाठी त्याच कवचातलं मॅग्नेशियम मोजतात. कोमट पाण्यात बांधलेल्या चुन्यात कॅल्शियमच्या जागी मॅग्नेशियम जास्त शिरतं, साधारण एका अंशाला नऊ टक्क्यांनी. बर्फाचा वाटा जगभरच्या खोल समुद्रांच्या नोंदींवरून कळतो. एकूण आकड्यातून हे दोन्ही वजा केले की जे उरतं, ते त्या जागच्या पाण्याचं गोडं-खारटपण. ते गोडं झालं असेल तर घाटावरून जास्त पाणी आलं. खात्रीसाठी कवचातलं बेरियमही बघतात, कारण बेरियम नद्या आणतात.

त्या मुलाला सांगायला हवं होतं ते हे. पाऊस असतो तो या वजाबाकीच्या बाकीत. नळीत बघून तो दिसत नाही, कवचात बघूनही दिसत नाही. आणि वजाबाकी असल्यामुळे आधीच्या प्रत्येक मोजणीतली चूक या बाकीत येऊन साठते. म्हणून आम्ही आलेखावर नुसती बारीक रेघ कधी काढत नाही, तिच्या दोन्ही बाजूंना जाड पट्टा काढतो. वर्तमानपत्रात छापताना तो पट्टा बहुतेक वेळा गळतो आणि रेघ तेवढी उरते. मला याचं वाईट वाटतं. आमच्या कामातला अर्धा प्रामाणिकपणा त्या पट्ट्यात असतो.

पाऊस सापडला, पण तो कधीचा? त्यासाठी कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार. जिवंत असताना जीव तो पाण्यातून घेत राहतो, मेल्यावर तो घटत जातो, ५,७३० वर्षांत निम्मा. साधारण पन्नास हजार वर्षांपर्यंत या घड्याळाचा उपयोग होतो. समुद्रात आणखी एक गुंता आहे. खोल पाणी शेकडो वर्षं हवेला भेटलेलं नसतं, त्यामुळे आज मेलेला शंखसुद्धा काही शतकं जुना असल्याचं हे घड्याळ सांगतं. तेवढी वर्षं वजा करावी लागतात, आणि ती जागोजागी वेगळी. त्यात तळावरचे किडे वरचा थर उकरून खालीवर करतात. एका तारखेसाठी एकाच जातीची शेकडो कवचं ब्रशने निवडावी लागतात. महिनाभर निवडायची, मग पाठवायची आणि वाट बघायची.

माझ्या पहिल्या वर्षी अशाच तारखा आल्या तेव्हा त्या उलट्या होत्या. पावणेतीन मीटरवरचा चिखल सव्वादोन मीटरवरच्या चिखलापेक्षा तरुण. सरांनी आकडे बघितले आणि शांतपणे म्हणाले, "गोदामात जाऊन तिसरा तुकडा बघून ये." नळ्या जहाजावर एकेक मीटरच्या तुकड्यांत कापतात आणि वरची बाजू दाखवायला बाण काढतात. त्या तुकड्यावरचा बाण मी ओल्या हाताने काढला होता, तो पुसला गेला होता, आणि नंतर कुणीतरी अंदाजाने दुसरा काढला होता. एक मीटर, म्हणजे काही हजार वर्षं, डोक्यावर उभी. त्या तुकड्यावरचं दोन महिन्यांचं काम पुन्हा लावावं लागलं. तेव्हापासून मी बाण तीन ठिकाणी काढते, वरच्या टोकाला लाल झाकण लावते आणि जहाजावर येणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिलं हेच शिकवते.

एवढं करून काय कळलं? मान्सूनचा मोठा लगाम सूर्याच्या हातात आहे हे पक्कं झालं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते त्या वाटेचा आकार, तिच्या आसाचा कल आणि आसाचं भोवऱ्यासारखं डुलणं हजारो वर्षांच्या आवर्तनांत बदलत राहतं. मिलुटिन मिलानकोविच या सर्बियन गणितज्ञाने विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात हे हिशेब हाताने मांडले होते. १९७६ मध्ये हेज, इंब्री आणि शॅकल्टन यांनी तीच आवर्तनं समुद्राच्या गाळात दाखवली, आणि तो गाळ दक्षिण हिंदी महासागरातला होता. आज पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती ३ जानेवारीच्या सुमारास, आपल्या थंडीत. दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी ती आपल्या उन्हाळ्यात जवळ असायची. उत्तर गोलार्धाला तेव्हा उन्हाळ्यात सात-आठ टक्के जास्त ऊन मिळत होतं. जमीन जास्त तापायची, समुद्रावरची दमट हवा जोराने आत ओढली जायची. अरबी समुद्राचा गाळ, ओमानच्या गुहा, राजस्थानची तळी, सगळे त्या सुमाराच्या दमदार मान्सूनची साक्ष देतात. त्याआधी, वीसेक हजार वर्षांपूर्वीच्या हिमयुगात, तो अशक्त होता.

सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी मान्सून पुन्हा ढेपाळला. मेघालयातल्या मॉमलू गुहेतल्या चुनखडीच्या खांबात त्याची खूण इतकी ठळक आहे, की २०१८ मध्ये भूशास्त्रज्ञांनी तिथपासून आजपर्यंतच्या कालखंडाला 'मेघालयन' हेच नाव दिलं. यावरून 'दुष्काळाने हडप्पा संपवलं' असं लगेच लिहिलं जातं. मी त्या वाक्यावर सही करणार नाही. राजस्थानातलं लुणकरणसरचं तळं हडप्पा संस्कृतीच्या ऱ्हासाच्या पुष्कळ आधीच कोरडं पडलं होतं, आणि माणसं तरी नगरं बांधत होती. पाऊस कमी झाला हे गाळ सांगतो. लोकांनी मग काय केलं, हे त्याला विचारू नये.

गोव्याच्या भूमीबद्दल मात्र हा गाळ थेट बोलतो. वीसेक हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. इतकं पाणी बर्फात अडकलेलं. गोव्याचा किनारा तेव्हा पन्नास किलोमीटरहून जास्त पश्चिमेला होता. दोना पावलाच्या जेटीवर उभं राहून आपण जे पाणी बघतो तिथे झाडंझुडपं होती, आणि मांडवी-जुवारी त्यातून वळणं घेत खूप पुढे जाऊन समुद्राला मिळत होत्या. मग बर्फ वितळला, समुद्र चढत आला, दऱ्यांत शिरला आणि सुमारे सात हजार वर्षांपूर्वी आजच्या आसपास स्थिरावला. मांडवी-जुवारीची आजची रुंद मुखं म्हणजे बुडालेल्या दऱ्या आहेत. परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवल्याची कथा आम्ही लहानपणी ऐकली. तिचा या नोंदींशी सांधा जोडायला लोक मला सांगतात, मी जोडत नाही. कथा समुद्र हटल्याची आहे, गाळाची साक्ष त्या काळात समुद्र चढल्याची. पण समुद्र आणि जमीन यांची हद्द कायमची नाही, ही जाण आपल्या लोकांना जुनी आहे एवढं खरं. नाहीतर पिढ्यान् पिढ्या बांध घालून, मानशी, म्हणजे पाण्याची दारं, बसवून, भरतीचं पाणी अडवत खाजनं कुणी कसली असती?

गोव्यातच, वास्कोच्या सड्यावर, आणखी एक साक्षीदार आहे, बर्फ. राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात अंटार्क्टिकाहून आणलेले बर्फाचे दंडगोल उणे वीस अंशांत ठेवलेले असतात. बाहेर मुरगाव बंदरावर घाम फोडणारी हवा, आणि आत माणसं जाड कोट घालून करवतीने बर्फ कापताहेत. पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला गोव्यातूनच निघाली होती, डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली. बर्फाचं मोठेपण हे की त्यात अडकलेला बुडबुडा म्हणजे खरोखरच त्या काळची हवा. तिथे वजाबाकी नाही. अंटार्क्टिकातल्या सर्वांत लांबवर अभ्यासलेल्या सलग नोंदीत आठ लाख वर्षं आहेत, आणि त्या सगळ्या काळात कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत १८० ते ३०० भागांच्या दरम्यान फिरत राहिला. आज तो ४२० च्या वर आहे. हा आकडा मी अनेकदा सांगितलाय, आणि दर वेळी सांगताना मला जड जातं. कारण आमच्या नळ्या आणि हा बर्फ कितीही मागे गेले, तरी यापुढच्या मान्सूनसारखी परिस्थिती त्यांतल्या कुणीच पाहिलेली नाही.

या क्षेत्रात यायचं कसं, असं पालक विचारतात. वाट बहुतेक भूगर्भशास्त्राच्या किंवा समुद्रविज्ञानाच्या पदवीतून जाते, पण रसायन, भौतिकी, वनस्पतिशास्त्र शिकलेली मुलंही येतात. पुढे नेट किंवा गेट परीक्षा आणि पीएचडीची पाच-सहा वर्षं. मी आधी प्रकल्प सहायक म्हणून लागले होते. प्रकल्प संपला की नेमणूक संपायची. तीन वेळा तसं झालं, मधल्या महिन्यांत शिकवण्या घेतल्या. घरात आत्या विचारायची, "अगो, हा चिखल कधी संपणार तुझा?" तिला काळजी होती, आणि ती रास्त होती. एका जहाजफेरीतून आलेल्या नळीवरचा निबंध छापून यायला मला सात वर्षं लागली. ज्याला लवकर उत्तर हवं त्याने इकडे येऊ नये. ज्याला एकाच प्रश्नाकडे पुन्हा पुन्हा वळून बघावंसं वाटतं, त्याने जरूर यावं. तो सातवीतला मुलगा मला म्हणूनच आठवतो.

सध्या मी ज्यावर काम करते ते नळीचं सर्वांत वरचं टोक. वजनाची नळी जोरात घुसते तेव्हा वरचा मऊ गाळ उधळून जातो, म्हणजे नेमकी अलीकडची शंभर-दोनशे वर्षं हरवतात. ती हवी असतील तर दुसरं यंत्र वापरावं लागतं. ते तळावर हळूच टेकतं आणि अनेक छोट्या नळ्या अलगद खाली दाबतं, इतकं अलगद की चिखलावरचं पाणीही ढवळत नाही. नदीमुखाजवळचा असा गाळ आम्ही अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरने कापला आहे. त्यातला वरचा भाग हवामान खात्याच्या नोंदींच्या काळातला. पाऊस मोजलेलाही आहे आणि चिखलातही आहे, असा हा एवढाच तुकडा. इथे माझी वजाबाकी मोजलेल्या पावसाशी जुळली, तर खालच्या हजारो वर्षांबद्दल मला जरा ठामपणे बोलता येईल.

अर्ध्या सेंटिमीटरमध्ये बरीच वर्षं एकत्र मिसळलेली असतात, त्यामुळे आजोबांच्या एखाद्या कोरड्या मृगाशी एखादं कवच जुळवता येणार नाही. दशकं तेवढी जुळतील. तरीही मी ती पंचांगं माळ्यावरून खाली काढली आहेत आणि समासातल्या नोंदी वहीत उतरवून घेते आहे. वीस नमुने धुऊन झालेत, अकरा निवडून झालेत.